चेहरा का झाकला, ते मी सांगतो

कुंदा, मी तुझ्याशी भांडायला बसलोय. गेलेल्या माणसाबद्दल लोक गोड लिहितात, आणि तुझ्याबद्दल तर गेल्या काही दिवसांत इतकं गोड छापून आलंय की पेपरला मुंग्या लागायच्या. त्यात माझी भर नको. माझी तक्रार आहे. तू गेलीस म्हणजे सुटलीस असं समजू नकोस.

एक तक्रार माझी स्वतःची. शेवटचं वर्षभर तू मला दारातून परत पाठवलंस. दुसरी तुझ्या मुलीची. ती स्वतः ती कधी करणार नाही, म्हणून तिच्या वतीने मी करतो. आज जो तो अनघाला नावं ठेवतोय. तिने आईला कोंडून ठेवलं, कुणाला भेटू दिलं नाही, मेल्यावर चेहरासुद्धा दाखवला नाही, असं बोलतात. आणि ती गप्प आहे, कारण तू तिला गप्प बसवून गेलीस.

त्या दिवशी मुलुंडच्या स्मशानाच्या फाटकाबाहेर मी उभा होतो. आत जायला पांढरा कुडता आणि काळा चष्मा लागत होता. माझ्या अंगावर गोडाऊनमधून उठून आलो तो चौकड्यांचा शर्ट. फाटकावरच्या पैलवानाने माझ्या छातीवर पंजा ठेवला. "इंडस्ट्रीतले का?"

"इंडस्ट्री ज्या खुर्चीवर बसते ना, ती माझी आहे," मी म्हटलं.

त्याला काही कळलं नाही. तुला कळलं असतं आणि तू म्हणाली असतीस, "दत्त्या, इथे पण?"

एक रिपोर्टर पोरगी माईक घेऊन आली. "सर, आक्कांशी आपलं नातं काय?" सिरीयलमधल्या नावानेच सगळे तुला ओळखतात. आता काय सांगू? भाऊ नाही, नवरा नाही, सहकलाकार नाही. मी म्हटलं, "भांडणाचं." ती पुढे काही विचारणार तेवढ्यात कुठल्याशा हिरोइनची गाडी आली आणि माईक तिकडे पळाला.

पण सगळीच काही तमाशा बघायला आली नव्हती, हे तुला सांगितलं पाहिजे. माझ्या शेजारी घाटकोपरहून आलेल्या एक आजीबाई उभ्या होत्या. हातात घरच्या कुंडीतलं एकच जास्वंदीचं फूल. म्हणाल्या, "माझी सासू अंथरुणाला खिळलेली होती हो. दुपारी आम्ही दोघी आक्कांना बघायचो. तेवढा अर्धा तास ती मला शिव्या द्यायची नाही." आणि पदर डोळ्यांना लावला. मी आयुष्यात ज्यांच्याशी व्यवहार केला त्या सगळ्यांना जोखलंय, पण त्या फुलाचं मोल मला करता आलं नाही.

मग शववाहिनी आली. तुला खाली घेतलं आणि गर्दी एकदम गप्प झाली, कारण तुझा चेहरा झाकलेला होता. आपल्यात कधी असं करतात? घरून निघताना, वाटेत, अगदी चितेपर्यंत चेहरा उघडा असतो. तेच तर शेवटचं दर्शन. त्या आजीच हळूच म्हणाल्या, "एकदा बघू द्या हो, रोज बघत होतो." मागून कुणीतरी ओरडलं, "चेहरा दाखवा!" मग दहा तोंडं ओरडली. फोन वर झाले. आणि अनघा, तुझी एवढीशी पोर, चादरीचं टोक मुठीत घट्ट धरून तुझ्याबरोबर चालत आत गेली. कुणाकडे बघितलं नाही, कुणाला उत्तर दिलं नाही.

संध्याकाळी सगळ्या चॅनेलांवर एकच प्रश्न. आक्कांचा चेहरा का झाकला? एक वकील, एक ज्योतिषी, तुझ्याबरोबर चार एपिसोड केलेली एक बाई. टीव्हीवर आपापल्या चौकोनात बसून भांडत होते. खाली अनघाचा फोटो, भोवती लाल गोल.

खोटं कशाला बोलू, कुंदा, तोच प्रश्न माझ्याही डोक्यात होता. मला तरी कुठे काय माहीत होतं? वर्षभरापूर्वी सिरीयल सोडलीस, मग फोन घेणं बंद. मी मुलुंडला यायचो. भांडुपच्या बाजारातून ताजे बोंबील घेऊन यायचो, कारण इतर कुणाचे तुला पटत नाहीत. अनघा दार अर्धं उघडायची. "आई गावाला गेलीय, काका." "आई झोपलीय, काका." पिशवी घ्यायची आणि दार लावायची. बोंबील आत, मी बाहेर. शेवटच्या खेपेला मी जिन्यात उभा राहून ओरडलो, "सांग तिला, मोठी झालीय ना? आता मेलीस तरी येणार नाही म्हणावं!" सगळ्या मजल्यांवरची दारं उघडली, तुझं सोडून.

वाचणाऱ्यांना वाटेल हा कोण. तर मी दत्ता. सिनेमा-सिरीयलना भाड्याने सामान पुरवतो. सोफे, देव्हारे, पाळणे, तिरड्या. साकीनाक्याला गोडाऊन आहे. भंगारातून उचललेल्या मोडक्या खुर्च्या दुरुस्त करून धंदा सुरू केला. भांडुपच्या टेकडीवर आपल्या नाट्यमंडळात तू काम करायचीस आणि मी सेट लावायचो, तेव्हापासून तू मला दत्त्या म्हणतेस आणि मी तुझं ऐकून घेतो. दुसऱ्या कुणाचं कधी ऐकून घेतलं नाही.

अंधेरीच्या पहिल्या मोठ्या मालिकेत तुला आक्काचं काम मिळालं तेव्हा तू निर्मात्याला म्हणालीस, "सामान दत्त्याकडचं येईल, नाहीतर मी येत नाही." तेव्हा तुला तरी कोण विचारत होतं! तुझा काय भाव होता, आणि तू तो माझ्यासाठी पणाला लावलास. मला हे तू नाही सांगितलंस, त्या निर्मात्याने सांगितलं, बऱ्याच वर्षांनी. मी तुला विचारलं तर म्हणालीस, "अरे, त्याच्या खुर्च्या करकरायच्या. माझे डायलॉग खराब झाले असते." आभार मानायला जागाच ठेवायची नाहीस तू. आज ठेवलीस, तर बघ मी कसे मानतोय.

आपलं एक भांडण मात्र मिटायचं राहूनच गेलं. तू गोडाऊनला आलीस की हटकून निघायचं. मी मोडलेली वस्तू फेकत नाही. कपाटाचा एक दरवाजा गेला तर ती बाजू भिंतीकडे करतो. देवीच्या मूर्तीचा कान उडाला तर तो झाकेल असा हार घालतो. तू कुरकुरायचीस, "दत्त्या, तुटकं पुढे मांडू नये रे. जे नीट नाही ते लोकांना दाखवू नये." मी म्हणायचो, "अगं, प्रत्येक वस्तूला एक चांगली बाजू असतेच. ती कॅमेऱ्याकडे करायची. बघणाऱ्याचं काही जात नाही, आणि वस्तूला काम मिळतं." तू म्हणायचीस, "वस्तूला विचारलंस का, तिला कसं वाटतं?" मी हसायचो. मला वाटायचं मी जिंकलो.

आता तो तिरडीचा किस्सा, कारण सगळं घडलं त्यावरूनच. एका मालिकेत तुला मारलं होतं. तिरडी माझी, चादर माझी, बांबूंना बांधलेली हिरवी दोरीसुद्धा माझी, कारण त्या दिवशी सुंभ मिळालं नव्हतं. शॉट झाला. आपल्याकडे रीत आहे, मेल्याचा शॉट दिला की नटाने उठून कॅमेऱ्यात बघून हसायचं, तोवर कॅमेरा बंद करायचा नाही. अपशकुन निघून जातो म्हणतात. दिग्दर्शक म्हणाला, "आक्का, हसा." तू डोळे मिटूनच पडून राहिलीस. "ऑर्डरवर रडता येतं मला, हसता येत नाही. दत्त्या, हसव रे." सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, "ऊठ, नाहीतर तिरडीचं उद्याचं पण भाडं लावीन." आणि तू अशी हसलीस की बांबू हलले.

तू गेल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा घेत टीव्ही लावला तर तोच क्षण! तू तिरडीवर, चेहरा उघडा, ओठांवर नुकतं फुटणारं हसू. खाली पट्टी: आक्कांच्या अखेरच्या प्रवासातही चेहऱ्यावर समाधान. मागे बासरी. कुणीतरी शूटिंगचा फोटो उचलून फिरवला होता आणि ह्यांनी खरा समजून लावला. म्हणजे काल खरा चेहरा झाकलेला होता म्हणून बोंब, आणि आज खोटा उघडा चेहरा बघून अश्रू.

मी चॅनेलला फोन लावला. कुणीतरी बाई होती.

"तो फोटो खोटा आहे. काढा."

"सर, सोशल मीडियावर व्हायरल आहे."

"अहो, ती तिरडी माझी आहे!"

"सॉरी, तिरडी तुमची म्हणजे?"

"म्हणजे माझ्या गोडाऊनमधली! हिरवी दोरी बघा. खऱ्या माणसाला हिरव्या नायलॉनने बांधतात का? कुठे राहता तुम्ही?"

 तिचा आवाज एकदम मऊ झाला. "सर, म्हणजे तुम्ही आक्कांच्या जवळचे होतात. शेवटी कधी भेटलात त्यांना?"

माझा राग आधीच उकळत होता. "भेटू दिलं कुठे?" बोलून गेलो.

ती बाई हुशार. धंदा कुठे आहे ते तिला लगेच कळलं. "सर, एवढंच कॅमेऱ्यावर बोलाल? तुम्हाला कुणी आणि कसं परत पाठवलं?"

मीही काही कच्चा नाही. "आधी फोटो काढा, मग बोलू."

"काढते. तुम्ही उद्या नक्की या. गाडी पाठवते. तुमच्या फर्मचं नाव खाली टाकू."

"ठरलं," मी म्हटलं. चहाचा कप खाली ठेवायच्या आत फोटो गेला. तुला माहीत आहे, 'ठरलं' म्हटल्यावर मी कधी फिरलो नाही. लोक मला खवट म्हणतात, चिंगूस म्हणतात, पण फिरला असं कुणी म्हणालेलं नाही.

पण पाठीमागून बोलणं मला जमत नाही. तेव्हा चॅनेलची गाडी आली ती आधी मुलुंडला वळवली आणि अनघाकडे गेलो. तोंडावर सांगणार होतो, मी आज बोलणार आहे, तुला काय सांगायचं ते सांग. तिने दार पूर्ण उघडलं. वर्षात पहिल्यांदा. "या काका," म्हणाली.

मी उभ्याउभ्याच सुरू झालो. तुझी आई ती नंतर झाली, आधी ती माझी मैत्रीण होती, वगैरे. उलटसुलट बोललो बहुतेक. तिने अडवलं नाही. पाण्याचा पेला पुढे ठेवला. पाणी प्यायला मान वर केली तेव्हा माझं लक्ष गेलं. बेसिनवर आरसा नव्हता. कपाटाला पूर्वी मोठा आरसा होता, तिथे कागद चिकटवलेला होता. सामानात काय नाही ते मला आधी दिसतं, तो माझा धंदा आहे.

"आरसे कुठे गेले?" मी विचारलं.

अनघा खाली बसली. मग सांगितलं. वर्षापूर्वी अर्धांगाचा झटका आला तेव्हा जीव वाचला, पण चेहऱ्याची उजवी बाजू गेली. डोळा मिटेना, ओठ खाली ओघळला, बोलणं जडावलं. दवाखान्यातून घरी आणल्यावर तू पहिल्यांदा आरशात बघितलंस आणि आरसे काढायला लावलेस. आणि मग पोरीचा हात स्वतःच्या गळ्यावर ठेवून शपथ घातलीस. कुणाला दाखवायचं नाही, कुणाला कळू द्यायचं नाही. लोकांच्या घरात माझा तोच चेहरा राहू दे. मेल्यावरही.

"मेल्यावरही म्हणाली?"

"हो. तोंडात तुळशीपत्र मी दार लावून ठेवलं. मग चेहरा झाकला."

"मला पण नाही? मला, अनघा?"

"तुमचंच नाव घेतलं पहिलं. म्हणाली, दत्त्याला तर अजिबात नाही." मग तिला रडू आलं आणि हसूही. "तुम्ही यायचात ना, ती आतल्या खोलीच्या दाराला कान लावून बसायची. बोंबील बघून म्हणायची, आणलेनच मेल्याने. जिन्यात ओरडलात त्या दिवशी तर किती हसली. अर्ध्याच तोंडाने. मला म्हणाली, बघ, येणार नाही म्हणतोय म्हणजे येणार."

मी पेल्यातलं उरलेलं पाणी पिऊन टाकलं. 

मी उठलो तेव्हा अनघा म्हणाली, "काका, हे कुणाला सांगू नका."

मी म्हटलं, "बघतो."

खाली चॅनेलची गाडी उभी होती. मी त्या बाईला फोन केला. "मी येत नाही."

"सर, आपलं ठरलं होतं. आम्ही फोटो काढला."

"काढलात. तुमचं बरोबर आहे. मी फिरलो."

"सर, तुम्ही नाही आलात तर दुसरं कुणी येईल."

आलं ना. तुमच्या सोसायटीचा वॉचमन आला. "पाहुण्यांना वर सोडायचं नाही असं ताईंनी सांगून ठेवलं होतं," म्हणाला. बिचाऱ्याचं प्रत्येक अक्षर खरं होतं, मला तेवढं तो ओळखीने सोडायचा. दुपारपर्यंत तिरडीवरचा फोटोही परत आला, बासरीसकट.

त्यानंतरचं तुला माहीत नाही, ते सांगतो. सोसायटीच्या ग्रुपवर अनघाने 'दहाव्याचा विधी सकाळी' एवढंच टाकलं, त्याखाली एकाने विचारलं, तेव्हा तरी आत येऊ देणार का? तुझी सख्खी नणंद दहाव्याला आली नाही. अनघा बँकेत बसते, तिथे तिच्या खिडकीवर एक बाई आपलं काम झाल्यावर म्हणाली, "देव बघतोय हो." परवा मी अनघाबरोबर मुलुंडच्या बाजारात होतो. भाजीच्या गाडीवर एक अनोळखी बाई, चांगली घरंदाज, हातात मेथीची जुडी, तिला सरळ म्हणाली, "आईला कोंडून ठेवलंस ना गं? काय मिळालं?"

मी तोंड उघडलं. तुला माहीतच आहे माझं तोंड. अनघाने माझा दंड धरला. "काका, चला." बस. एवढंच. मेथी तिथेच राहिली.

कुंदा, इथे मला तुझा राग आला. आधी यायचा तो नाही, दुसरा. मी आयुष्यभर सौदे केले. दोघांच्याही हातात काहीतरी पडलं नाही तर तो सौदा टिकत नाही, हे मी भंगारात शिकलो. तू तुझ्या पोरीशी केलास तो कसला सौदा? तुला सगळं मिळालं. चेहरा तसाच राहिला, लोक रडले, घाटकोपरहून फूल आलं. तिच्या वाट्याला काय आलं? भीती तुझी होती, आणि तिची किंमत ती भरतेय. तू एवढी दिलदार, निर्मात्याशी दुसऱ्यासाठी भांडणारी, आणि स्वतःच्या मुलीला असं उघड्यावर टाकून गेलीस? समोर असतीस तर मी हे तुला जिन्यात नाही, समोर बसून सुनावलं असतं.

आणि समोर बसवलं असतंस ना, तर मी तुला सांगितलं असतं, वेडे, डावी बाजू माझ्याकडे करून बस. मला दुसरी दिसलीच नसती. दिसली असती तरी तू उठेपर्यंत ती मला सवयीची झाली असती. बोंबलाचं कालवण खाल्लं असतं, धंद्याची रड सांगितली असती. तुझं जडावलेलं बोलणं मला कळलं नसतं तर मी ओरडलो असतो, नीट बोल म्हणून, आणि तू शिवी दिली असतीस, आणि ती बरोबर कळली असती. एवढं एक वर्ष होतं गं आपल्याकडे. ते तू माझ्याकडून न विचारता काढून घेतलंस.

हे सगळं लिहून झाल्यावर काल अनघाला वाचून दाखवलं. आधीच सांगितलं, "तू शपथेत आहेस, तू हो म्हणू नकोस. पण नको म्हणालीस तर मी कागद फाडतो." तिने पूर्ण ऐकलं. खिडकीतून बाहेर बघत होती. मग म्हणाली, "काका, आई चिडेल."

"चिडू दे. माझ्यावर चिडायची तिला सवय आहे. तुझ्यावर नाही चिडायची, तू काही बोलली नाहीस."

"तिला दिलेला शब्द..."

"तो तू दिलास. मी नाही. माझ्याकडून शब्द घ्यायचा असता तर तिने मला आत घ्यायला हवं होतं. नाही घेतलं. तुलाही मी नुसतं 'बघतो' म्हटलंय, आणि आमच्या धंद्यात बघतो म्हणजे हो नव्हे."

 नको म्हणाली नाही. उठून गॅसवर चहाचं आधण ठेवलं, आणि तिथूनच, माझ्याकडे पाठ करून म्हणाली, "त्यात बँकेचं नाव नाही ना आलं?"

"नाही," मी म्हटलं.

तर कुंदा, हे छापायला चाललंय. तुझ्या मनाविरुद्ध, मला मान्य आहे. पण तू नीट विचार कर. तुझ्या आक्काला आता काही होत नाही. त्या दुपारच्या अर्ध्या तासात ती पुन्हा पुन्हा लागत राहील, दोन्ही गाल शाबूत, कुंकू ठसठशीत, आणि कुणाची तरी सासू तेवढा वेळ शिव्या द्यायची थांबेल. तुझा झटका, तुझा ओघळलेला ओठ वाचून बघणाऱ्यांतलं एक माणूस कमी व्हायचं नाही. झालाच तर त्या बायकांचा तुझ्यावरचा जीव वाढेल. तुला लोक एवढे ओळखीचे, तरी हे कळलं नाही.

अनघाला मात्र उद्या सकाळी डबा घेऊन त्याच बाजारातून चालत स्टेशनला जायचंय.